दोरीला टांगलेले भय

विनोद निर्माण करणे अवघड असते, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती बहुधा विनोदी लेखकांनीच रूढ केली असावी. परंतु ज्यांच्या मनात विनोदाचा विचारही नव्हता, ज्यांची सारी धडपड प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा करण्यासाठी चालली होती, अशा काही माणसांच्या हातून घडलेला विनोद सत्तर वर्षे टवटवीत राहावा आणि त्याच काळात मोठ्या तयारीने काढलेले कित्येक विनोदी चित्रपट मात्र आज कोणाच्या स्मरणातही नसावेत, ही गोष्ट रसचर्चेची आवड असणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे. आम्ही लिहीत आहोत ते अमेरिकेत साधारणपणे १९५० ते १९६५ या काळात निघालेल्या अल्प भांडवलाच्या राक्षसपटांविषयी. परग्रहावरून आलेले आक्रमक, अणुस्फोटाने फुगलेले कीटक, थडग्यातून उठलेली प्रेते असा त्यांचा संसार.

या विषयाकडे आम्ही वळलो ते योगायोगाने. गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या आमच्या घरोब्यातील आठ-दहा मंडळींनी लागोपाठ पाच रविवार एकेका घरी जमून हे चित्रपट पाहिले. सुचवले होते महाविद्यालयात शिकणाऱ्या एका भाच्याने, आणि पाहणाऱ्यांत चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईही होत्या. नाटक असो, कीर्तन असो की क्रिकेटचा सामना, पुढे बसून पाहायचे हा त्यांचा जुना शिरस्ता.

पहिल्या रविवारी 'रोबॉट मॉन्स्टर' लागला. हा १९५३ सालचा चित्रपट. दिग्दर्शक फिल टकर तेव्हा पंचविशीतला होता. खर्च सोळा हजार डॉलरच्या आसपास, चित्रीकरण चार दिवसांचे आणि स्थळ लॉस एंजेलिसमधील ब्रॉन्सन दरी. कथा अशी की, परग्रहावरून आलेल्या रो-मॅन नामक यंत्रमानवाने पृथ्वीवरील मनुष्यजात जवळजवळ निःशेष केली असून केवळ आठ माणसे उरली आहेत. आता यंत्रमानव म्हटला की त्याला यंत्राचे रूप हवे. परंतु तसा पोशाख करवून घेण्याइतके पैसे टकरजवळ नव्हते. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःच्या मालकीचा गोरिलाचा पोशाख होता आणि तो अंगावर चढवून तो कामे करीत असे. टकरने त्यालाच बोलावले, गोरिलाच्या मुंडक्याच्या जागी पाणबुड्यांच्या शिरस्त्राणासारखे एक भांडे बसवले, त्यावर दोन तारा उभ्या केल्या आणि यंत्रमानव सिद्ध झाला. त्याचे परग्रहाशी संधान बांधणारे यंत्र म्हणजे एका गुहेच्या तोंडाशी मांडलेले टेबल, आणि त्या टेबलाशेजारून अखंड उडणारे साबणाचे फुगे. फुग्यांच्या यंत्राचा उल्लेख श्रेयनामावलीत सन्मानाने केलेला आहे. याला पार्श्वसंगीत दिले होते एल्मर बर्नस्टाईन यांनी, ज्यांनी पुढे 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' यांचे संगीत केले. संगीत चांगले आहे, आणि त्यामुळेच परिणाम अधिक बिकट झाला आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धात रो-मॅन एका मानवकन्येवर अनुरक्त होतो. तिला मारण्याची आज्ञा वरून आली आहे. ती पाळता येत नाही आणि मोडताही येत नाही. मग तो डोंगरात एकटा उभा राहून, हातवारे करीत, 'केलेच पाहिजे' आणि 'करवत नाही' या दोन रेषा आलेखावर नेमक्या कोणत्या बिंदूत छेदतात, असा प्रश्न स्वतःला विचारतो. हे स्वगत कागदावर वाचले तर मुळीच हास्यास्पद वाटणार नाही. कर्तव्य आणि प्रीती यांच्या ओढाताणीवर संस्कृत आणि मराठी रंगभूमी किती पोसली आहे हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. परंतु ते शब्द केसाळ पोटाच्या, काचेच्या तोंडाच्या प्राण्यामधून निघतात आणि दिवाणखाना हास्याने दुमदुमतो. आमचीही तीच गत झाली. डोळे पुसून शांत होतो न होतो तोच आत्याबाई म्हणाल्या, "अरे, पण त्या बापड्याला आत केवढं उकडत असेल!"

या एका वाक्याने आमच्या पुढच्या चारही रविवारांची दिशा ठरवली.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य आणि भयानक हे दोन रस परस्परांपासून बरेच दूर ठेवलेले आहेत. हास्याचा उगम शृंगाराच्या अनुकृतीतून, भयानकाचा बीभत्सातून. परंतु त्यांच्या विभावांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या तर एक गंमत ध्यानात येते. दोन्हींच्या प्रारंभी 'विकृत' हाच शब्द आहे. हास्याच्या यादीत तो वेषाला आणि अलंकाराला लागला आहे, भयानकाच्या यादीत आवाजाला. विकृत वेष दिसला की माणूस हसतो; विकृत स्वर ऐकू आला, मग तो ओस घरातला असो की अरण्यातला, की माणूस भितो. आम्ही पाहिलेल्या राक्षसपटांचे सारे दैव या एका भेदात सामावलेले आहे असे म्हणावेसे वाटते. ज्या ठिकाणी ऐकवावयाचे तेथे त्यांनी दाखवले, आणि दाखवले ते वेषच.

अभिनवगुप्ताने या विचारात मोठी भर घातली. त्याच्या मते कोणत्याही रसाचा नुसता आभास झाला, म्हणजे रस अस्थानी किंवा अनुचित आलंबनावर उभा केला, की त्याचे पर्यवसान हास्यात होते. केवळ शृंगाराच्याच नव्हे, तर करुणादी इतर रसांच्याही आभासाचे. रसाच्या मार्गातील विघ्ने सांगतानाही त्याने पहिले विघ्न सांगितले आहे ते संभाव्यतेचा अभाव. जे घडू शकेल असे मनाला क्षणभरही वाटत नाही, त्यात मन विसावत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या या काश्मिरी पंडिताला कॅलिफोर्नियातील गोरिला दाखवता आला असता तर त्याने फारसे आश्चर्य केले नसते. उदाहरण म्हणून तळटीपेत घेतला असता.

मात्र आभासाचा हा सिद्धान्त जसाच्या तसा लावून भागत नाही, हे आमच्या ध्यानात आले ते तिसऱ्या रविवारी 'द जायंट क्लॉ' पाहताना. आम्ही पाहिलेल्या चित्रपटांत हा सर्वांत बोधप्रद. सन १९५७, निर्माता सॅम कॅट्झमन, दिग्दर्शक फ्रेड सिअर्स, नायक जेफ मॉरो, नायिका मॅरा कॉर्डे. लढाऊ जहाजाएवढा एक पक्षी अवकाशातून पृथ्वीवर आला आहे, त्याच्याभोवती प्रतिद्रव्याचे कवच असल्याने तोफगोळे त्याला लागत नाहीत आणि तो विमाने गिळत चालला आहे, असे कथासूत्र. पहिली पंचवीस-तीस मिनिटे चित्रपट बरा आहे, बरा म्हणजे खरोखर बरा. पक्षी दिसत नाही. आकाशातून एक अस्पष्ट सावली सरकते, रडारवर काही उमटत नाही, वैमानिकाचे म्हणणे कोणी खरे मानत नाही. नट मनापासून काम करतात. संवादांत 'लढाऊ जहाजाएवढा' ही उपमा इतक्यांदा येते की आमच्या भाच्याने मोजण्यास आरंभ केला. पण हसू आले नव्हते.

मग पक्षी दिसतो. गिधाडाची लांब, सुरकुतलेली मान, डोक्यावर विस्कटलेल्या केसांची शेंडी, बटबटीत डोळे, चोचीत दात, फुरफुरणाऱ्या नाकपुड्या, आणि हे सारे दोऱ्यांवर डुलणारे. कॅट्झमनने खर्च वाचवण्यासाठी ही बाहुली मेक्सिकोत करवून घेतली होती. चित्रीकरणाच्या वेळी नटांनी ती पाहिलेलीच नव्हती. आकाशाकडे बघा आणि घाबरा, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते, आणि ते इमानाने घाबरले. जेफ मॉरो यांनी पुढे मुलाखतीत सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. आपल्या गावच्या चित्रपटगृहात ते हा चित्रपट पाहावयास गेले. पक्षी प्रथम पडद्यावर आला तेव्हा लोक हसले. पुन्हा आला तेव्हा अधिक हसले. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून मॉरो मध्येच उठून, अंग चोरून बाहेर पडले आणि घरी गेले.

आता येथे आभास कोठे आहे? नटांच्या मुद्रेवरील भय खोटे नाही. डोळे विस्फारणे, घसा कोरडा पडणे, पाय अडखळणे हे अनुभाव यथास्थित आहेत. खोटे आहे ते आलंबन. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न पाहता निर्माण झालेली आहेत. नट ज्याला भितो ते त्याच्या मनातले काही भव्य आहे; आपल्याला दिसते ते दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच देशात, थोड्या पैशांत केलेले. हास्य उद्भवते ते या दोहोंमधल्या फटीत. म्हणूनच, आमच्या मते, वाईट अभिनयापेक्षा चांगला अभिनय अशा चित्रपटांत अधिक हसवतो. मॉरो यांनी चुकारपणा केला असता तर 'द जायंट क्लॉ' केव्हाच विस्मृतीत गेला असता.

अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण घेतले आहे ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरिणाचे. बाण सोडणाऱ्या राजाकडे मान वळवून-वळवून पाहत धावणारे ते हरिण. भय दिसते ते पळणाऱ्याच्या मानेत. ज्याच्यापासून पळायचे त्याच्या दातांत नव्हे. शोधूनही अधिक नेमके उदाहरण सापडणार नाही. कॅट्झमनजवळ हरिण होते. त्याने विनाकारण बाहुली मागवली.

पैसा नव्हता म्हणून असे झाले, हे उत्तर सर्वत्र दिले जाते आणि ते अर्धवट खरे आहे. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बड्या चित्रसंस्थांची चित्रपटगृहांवरील मालकी संपुष्टात येण्यास प्रारंभ झाला, पाठोपाठ दूरचित्रवाणी घरोघर पोचली, आणि मोटारीत बसून पाहावयाच्या उघड्या चित्रपटगृहांना तरुण गिऱ्हाईक धरून ठेवण्यासाठी दोन-दोन चित्रपटांच्या जोड्या लागू लागल्या. त्या पुरवणाऱ्या छोट्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांतली एक प्रमुख संस्था तर आधी नाव ठरवी, मग भित्तिचित्र रंगवी, ते पाहून चित्रपटगृहांचे मालक डोलले तरच कथा लिहावयास घेई. भित्तिचित्रातला राक्षस चित्रकाराच्या कुंचल्याने शहरे गिळीत असे. त्याची बरोबरी पडद्यावर करावयाची म्हणजे दहा दिवस आणि गोदामातले सामान. हे सारे मान्य.

परंतु 'कॅट पीपल' हा चित्रपट १९४२ सालचा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर. येथेही पैसा अपुरा, येथेही नाव आधी ठरवून वरून लादलेले. मांजरात रूपांतर होणाऱ्या स्त्रीची ही कथा. तिच्यातील गाजलेल्या प्रसंगात एक तरुणी रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने चालली आहे. मागून पावले वाजतात. मग ती वाजेनाशी होतात. तरुणी वळून पाहते, कोणी नाही. ती पळत सुटते, आणि एकदम फिस्सकन कानठळ्या बसवणारा आवाज होतो: बस येऊन थांबलेली असते. दुसऱ्या प्रसंगात रिकाम्या जलतरण तलावाच्या भिंतींवर पाण्याचे कवडसे हलतात आणि कोठूनतरी गुरगुर येते. एवढेच. आमच्या दिवाणखान्यात त्या वेळी चहाचे कप हातात तसेच राहिले होते. भरताचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले: वेष दाखवला नाही, स्वर ऐकवला. याचा अर्थ दारिद्र्याने हास्य निर्माण होत नाही. दारिद्र्य झाकण्याचा आव आणला की होते.

रॉजर कॉर्मन यांची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) साठी त्यांना शुक्रावरचा प्राणी हवा होता. कॉर्मन स्टॅनफर्डचे अभियांत्रिकीचे पदवीधर. जबर गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा प्राणी उंच वाढणार नाही, जमिनीलगत बसका असेल, असा तर्क त्यांनी केला आणि पॉल ब्लेझडेल या कारागिराकडून भल्यामोठ्या मुळ्याच्या बुडख्यासारखा, दात विचकणारा एक शंकू करवून घेतला. नायिका बेव्हर्ली गारलंड यांनी तो पाहिला, 'यानं जग जिंकलं?' अशा अर्थाचे काही म्हणून त्याला तुच्छतेने हाणले, आणि कॉर्मन यांनी निमूटपणे त्याची उंची वाढवून घेतली. राक्षस नायिकेपेक्षा उंच असला पाहिजे हा धडा आपण त्या दिवशी शिकलो, असे ते पुढे सांगत. (वास्तविक शुक्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा किंचित कमीच आहे, तेव्हा तो तर्कही वायाच गेला.) 'द क्रीपिंग टेरर' (१९६४) मध्ये तर गालिच्यांच्या ढिगाऱ्यासारखा दिसणारा राक्षस इतक्या सावकाश सरपटतो की, भक्ष्य ठरलेल्या माणसांना जागीच उभे राहून किंचाळावे लागते आणि पुढे स्वतःच त्याच्या तोंडात शिरावे लागते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. दहा मिनिटांनंतर हसूही येईनासे होते, कारण त्यात कोणी घाबरण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत.

येथे आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला, आणि तो विचार करण्यासारखा होता. ते म्हणाले, आपल्या रंगभूमीवर राक्षस काय खरे असत? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून राक्षस मशालींच्या उजेडात, राळेच्या भडक्यात 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकीत येत, आणि त्या आरोळीचेच नाव पुढे शिकलेल्या लोकांनी त्या नाटकांना चेष्टेने दिले. मराठी नाटकाचा प्रारंभच अल्प भांडवलाच्या राक्षसांनी झाला आहे, मग त्या अमेरिकन बापड्यांना तेवढे का हसावे?

प्रश्न रास्त आहे. परंतु भाव्यांच्या राक्षसाने आपण खरा असल्याचा दावा कधी केला नव्हता. सूत्रधार बाजूला उभा राहून पदे म्हणत होता, कथा साऱ्यांना ठाऊक होती, आणि राक्षस हा राक्षसाचा संकेत होता. कोकणात आणि गोव्यात दशावतार पाहिलेल्यांना हे अधिक सांगावयास नको. तेथला काळ्या वेषातला संकासुर वेद चोरावयाचा म्हणून येतो आणि येताच आपल्या बोलीत अशी काही फिरकी घेतो की मांडात हशा पिकतो. थोड्या वेळाने विष्णू त्याचा वध करतो तेव्हा हेच प्रेक्षक हात जोडतात. त्यांना दोन्ही गोष्टी एकाच रात्री साधतात, कारण कापड हे कापड आहे हे आधीच कबूल केलेले असते. चित्रपटाचा कॅमेरा अशी कबुली देत नाही. तो खऱ्या रस्त्याचे, खऱ्या विमानाचे, खऱ्या आकाशाचे चित्र घेतो आणि त्याच शपथेवर दोऱ्यांवरचा पक्षी दाखवतो. साक्षीदार प्रामाणिक म्हणून ओळखला गेला की त्याची एक थाप फार मोठी दिसते. 'अललडुर्र'ला हसणारी पिढी आली तीही तेव्हाच, जेव्हा त्यांच्या डोळ्यांना वास्तवाची सवय झाली होती. तेव्हा आक्षेप अर्धा मान्य करणे भाग आहे: हसणारा प्रेक्षक नेहमी नंतरचा असतो आणि त्याला आपण शहाणे झालो आहोत असे वाटत असते.

आपल्याकडील रामसे बंधूंच्या चित्रपटांचा उल्लेख टाळता येणार नाही, जरी त्यांच्यावर स्वतंत्रच लिहावयास हवे. त्यांच्या 'पुराना मंदिर'ने (१९८४) गावोगावच्या चित्रपटगृहांत गर्दी खेचली. त्यातील सामरीच्या मुद्रेत, म्हणजे अजय अगरवाल यांच्या उंचीत आणि चेहऱ्याच्या हाडांत, खरोखर काही भयप्रद आहे. गंमत अशी की त्यात विनोदासाठी म्हणून 'शोले'चे एक विडंबन मुद्दाम घातलेले आहे, जगदीपसारखा कसलेला नट त्यात आहे, आणि संबंध चित्रपटात हसू न येणारा भाग कोणता असेल तर तोच.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हे लिहावयास बसलो त्याकडे वळतो. या हसण्याचे काय करावयाचे?

भरताने हास्याचे सहा प्रकार केले आहेत आणि ते माणसांच्या प्रतीप्रमाणे वाटून दिले आहेत. स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. ही वाटणी आज कोणाला पटणार नाही, पण तिने एक गोष्ट सुचवली आहे: हसण्यावरून हसणाऱ्याची परीक्षा होते. अमेरिकेत १९८० साली हॅरी आणि मायकेल मेडव्हेड या बंधूंनी निकृष्ट चित्रपटांना पारितोषिके वाटणारे एक पुस्तक काढले आणि आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट म्हणून 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'ची व सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणून त्याच्या एड वुडची निवड जाहीर केली. एड वुड तोपर्यंत हयात नव्हता. १९७८ च्या डिसेंबरात, भाडे थकल्यामुळे राहत्या घरातून काढून टाकल्यावर थोड्याच दिवसांत, एका स्नेह्याच्या घरी तो निवर्तला होता. 'रोबॉट मॉन्स्टर'च्या फिल टकरने १९५३ सालाच्या अखेरीस आत्महत्येचा प्रयत्न केल्याची बातमी लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रांत आली होती, तो वाचला. ही माहिती भाच्याने चौथ्या रविवारी सांगितली आणि त्या दिवशी पहिला अर्धा तास कोणी मोकळेपणी हसले नाही.

असे असूनही 'प्लॅन नाइन' पाहताना हसू आलेच. कबरीचे दगड नटाच्या धक्क्याने डुलतात. पाठलाग दिवसा सुरू होतो, क्षणात रात्र होते, पुन्हा उजाडते. तबकड्या दोऱ्यांना लटकून उडतात. चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या बाप्टिस्ट पंथीयांच्या आग्रहाखातर कलावंत मंडळींपैकी काहींनी बाप्तिस्माही घेतला होता, ही हकिकत चित्रपटाहूनही सुरस आहे. वाईटात वाईट चित्रपट हा निवाडा मात्र आम्हांस मान्य नाही. वाईटात वाईट चित्रपट कंटाळवाणा असतो आणि तो कोणाला आठवत नाही. एड वुडच्या चित्रपटात एक आर्जव आहे. हा माणूस आपल्याला काहीतरी फार महत्त्वाचे सांगू पाहतो आहे आणि त्याच्या हाती त्यासाठी पडदा, धूर आणि चार मित्र एवढेच आहे, हे प्रत्येक दृश्यातून जाणवत राहते. टिम बर्टन यांनी १९९४ साली त्याच्यावर चित्रपट काढला तो याच जाणिवेतून. त्यातील बेला लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊ यांना ऑस्कर मिळाले. एड वुडला जे आयुष्यभर लाभले नाही ते त्याची नक्कल करणाऱ्यांना लाभले, यावर अधिक भाष्य नको.

बेला लुगोसीविषयी मात्र थोडे लिहिले पाहिजे. १८८२ साली तत्कालीन हंगेरीतील लुगोश गावी जन्म, त्या गावावरूनच घेतलेले नाव. ते गाव आज रुमानियात आहे. १९१९ च्या राजकीय उलथापालथीनंतर देश सोडावा लागला. अमेरिकेत आल्यावर इंग्रजी शिकत-शिकत १९३१ साली 'ड्रॅक्युला' झाला आणि जगप्रसिद्ध झाला. पुढे त्या उच्चारांखेरीज त्याच्याकडून कोणाला काही नको होते. १९५५ साली व्यसनमुक्तीसाठी तो स्वतःहून सरकारी रुग्णालयात दाखल झाला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये वारला. एड वुडने त्याची थोडीशी चित्रफीत घेऊन ठेवली होती. त्या दोन-चार मिनिटांभोवती 'प्लॅन नाइन'ची कथा रचली गेली आणि उरलेल्या भागात वुडच्या पत्नीच्या ओळखीचा, मणक्यांवर उपचार करणारा एक गृहस्थ तोंडावर झगा धरून लुगोसी म्हणून वावरतो. तो लुगोसीपेक्षा चांगला उंच आहे.

शेवटच्या रविवारी आम्ही 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर' (१९५५) पाहिला. हाही एड वुडचाच, आणि लुगोसीची संवाद असलेली ही शेवटची मोठी भूमिका. चित्रपटात पैसे घालणाऱ्या मांसव्यापाऱ्याचा मुलगा नायक आहे. राक्षस म्हणून एक रबरी अष्टपाद आहे, जुन्या चित्रपटाच्या सामानातून आणलेला, पण त्याचे बाहू हलवणारे यंत्र काही बरोबर आलेले नाही. त्यामुळे जो त्याच्या तावडीत सापडतो त्याला ते बाहू आपल्याच हातांनी अंगाभोवती गुंडाळून घ्यावे लागतात आणि वर सुटण्याची धडपडही करावी लागते. आमच्या घरातील लहान मुले हा प्रसंग पाहून गडाबडा लोळली, आणि नंतर दोन दिवस सोफ्याच्या लोडाशी त्याच झटापटी चालल्या होत्या.

मध्ये एक प्रसंग येतो. मायदेशाचा एक अधिकारी लुगोसीला, म्हणजे त्यातील परागंदा शास्त्रज्ञाला, परत न्यावयास आला आहे. घरी चला, असे तो म्हणतो. लुगोसी खुर्चीत बसलेला आहे. तो सांगू लागतो की आपल्याला घर नाही. हाकलून दिले, शिकारीसारखा पाठलाग केला, जनावरासारखे अरण्यात राहावे लागले. मग स्वर चढतो, आपण निर्माण करणार असलेल्या अणुशक्तीच्या महामानवांची बढाई येते, हात हवेत विशिष्ट पद्धतीने वळतात. लेखन तितकेच भाबडे, भिंत तितकीच पुठ्ठ्याची. परंतु 'घर' हा शब्द तो ज्या रीतीने उच्चारतो, त्याच परक्या, कधीच न सुटलेल्या उच्चारांत, त्यात वेष कोठेच नव्हता. स्वर तेवढा होता.

खोलीत कोणी हसले नाही. मुलेही नाहीत, जरी त्यांना कारण कळले नसावे. आत्याबाईंनी विचारले, हा कुठला? हंगेरीचा, भाच्याने सांगितले. "मग परत गेला की नाही कधी?" भाच्याने नाही म्हणून मान हलवली. पडद्यावर तोवर अष्टपाद पुन्हा आला होता, आणि थोड्या वेळाने, प्रथम मुले आणि मग आम्ही सारे, पुन्हा हसू लागलो.